जूनमध्ये तिन्ही कामं एकदम अंगावर येतात

प्रश्न : काका, आमचं गाव औसा तालुक्यात आहे. मालक पुण्याला कंपनीत, त्यामुळे पाच एकर कोरडवाहू रान मी आणि सासूबाईच बघतो. गावात माझं दाखल्यांचं सेवा केंद्र आहे, शिवाय बचत गटातर्फे शाळेचे गणवेश शिवतो. वर्षभर निभतं, पण जूनमध्ये पेरणी, दाखले आणि गणवेश एकदमच येतात. गेल्या वर्षी एका मुलीचा दाखला माझ्याकडून राहून गेला. तिची आई अजून माझ्याशी बोलत नाही. एखादं काम सोडून देऊ का?
– एक वाचक भगिनी, जि. लातूर

उत्तर : ताई, एवढ्यात सोडू नका.

१९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मी पुनर्वसनाच्या घरांवर सुपरवायझर होतो. तीन गावं माझ्याकडे, आणि तिन्हींचा हिशेब डोक्यात. एका गावात स्लॅब टाकून झाला, तसा ‘हे काम झालं’ म्हणत मी दुसऱ्या गावी वाळूच्या ट्रकमागे लागलो. स्लॅबला निदान सात दिवस पाणी मारावं लागतं. ते कुणी मारायचं, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवशी गेलो तर बारीक तडे. ज्या माउलीचं ते घर, तिचं पहिलं घर भूकंपात गेलेलं. तिनं तड्यावरून नुसतं बोट फिरवलं. ते बोट मला आजही दिसतं.

तेव्हापासून एका कामाला वहीचं एक पान. त्यावर एवढंच लिहायचं : आता पुढं काय, ते कुणाच्या हातात आहे, परत कधी विचारायचं. तुमच्या दाखल्यांचंही तसंच आहे. अर्ज भरला की तो डोक्यातून उतरतो, आणि राहतो तो तिथंच. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांकडे, जातीचा आणि नॉन क्रीमीलेयर प्रांताधिकाऱ्यांकडे. कुठला कुणाकडे थांबलाय ते पानावर दिसलं पाहिजे. रोज सकाळी केंद्र उघडण्याआधी पानं चाळा, दहा मिनिटं पुरतात.

दुसरं, जूनचा बोजा आधीच उतरवा. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणजे नवा एप्रिलपासून काढता येतो. जातीचा दाखला तर कधीही. दहावी-बारावीच्या पालकांना निकालाची वाट बघू देऊ नका, एप्रिलमध्येच घरी निरोप धाडा. गणवेशाची मापं शाळेला सुट्टी लागण्याआधी घ्या. वाढती लेकरं आहेत, आत दोन बोटं कापड जास्त ठेवा. घरचं सोयाबीन बियाणं असेल तर मे महिन्यातच ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून उगवण बघा. ७० च्या खाली उगवले तर बियाणं जास्त लागेल किंवा बदलावं लागेल, आणि ती धावपळ पेरणीच्या तोंडावर नको.

पेरणीला मात्र तारीख देता येत नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वापसा आला, म्हणजे चिखल ओसरून माती पेरण्याजोगी ओली राहिली, की घरातलं सगळं बाजूला. त्या तीन-चार दिवसांसाठी गटातली एखादी शिकलेली मुलगी केंद्रावर बसवा, आणि तिला मेमध्येच शिकवून ठेवा.

आणि त्या मुलीच्या आईकडे एकदा जाऊन या. चूक झाली, असं सरळ सांगा. घरात धाकटं कुणी दहावीला असेल, तर त्याचे कागद त्याच दिवशी मागून घ्या आणि पहिलं पान त्याच्या नावानं उघडा.