जुन्या पिकअपला पुढे मोठ्या डिस्क बसवल्याने गाडी लवकर थांबेल का?

आपल्या पिकअपला पुढे डिस्क ब्रेक आहेतच. त्यांच्या जागी मोठ्या गाडीच्या डिस्क आणि कॅलिपर (पॅडनी डिस्क आवळून धरणारा भाग) बसवावेत का, असे आपण विचारले आहे. माझे मत स्पष्ट आहे: आधी ब्रेक ऑइल बदला. याच मुद्द्यावरून माझा आणि थोरल्या चुलतभावांचा वाद आजही मिटलेला नाही.

कराडहून गूळ भरून चिपळूणला जाताना, कुंभार्ली घाटाच्या उतारावर आमच्या सामाईक पिकअपचे पेडल मऊ पडत पडत तळाला टेकले. दादांनी गिअर उतरवत, हँडब्रेकच्या आधाराने गाडी डोंगराच्या कडेला घेतली. त्यांच्या त्या कौशल्याबद्दल मला आजही आदर आहे. चाके निवल्यावर पेडल पुन्हा पूर्ववत झाले. पॅड तापून पकड सुटली असती, तर पेडल कडक राहिले असते आणि तरीही गाडी थांबली नसती. मऊ पेडलाचा अर्थ ऑइल उकळून त्याची वाफ झाली, एवढाच होता. नवे डॉट-३ दर्जाचे ब्रेक ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत न उकळता टिकते, परंतु ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत घसरते, आणि आमचे ऑइल तर काळे पडलेले होते.

दादांनी मात्र दोष लहान डिस्कला दिला आणि मोठ्या बसवून घेतल्या. नव्या कॅलिपरचे पिस्टन मोठे, मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणारा भाग) मात्र जुनाच, त्यामुळे पेडल पूर्वीपेक्षा खोल जाऊ लागले. शिवाय गॅरेजवाल्याने मागच्या ब्रेकचा दाब वजनाप्रमाणे कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह काढून थेट लाइन जोडली, म्हणून रिकामी गाडी पावसात मागून घसरू लागली. मोठी डिस्क अधिक उष्णता सोसते, हे दादांचे म्हणणे मी मान्य करतो. परंतु सध्याचे ब्रेक चाक लॉक करू शकत असतील, म्हणजे त्याचे फिरणे पूर्ण थांबवू शकत असतील, तर एकदा जोरात ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबेल हे टायरच ठरवतो.

पुढे ड्रम असते, तर डिस्क बसवण्याचा सल्ला मी दिला असता, अर्थात त्याला जुळणाऱ्या मास्टर सिलिंडरसह. आपली डिस्क तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीखाली झिजली असेल, तर मूळ मापाचीच नवी घ्यावी. तरीही मोठी बसवायचीच असेल, तर कॅलिपर रिममध्ये मावतो का ते आधी पाहावे आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे आरटीओत विचारून घ्यावे. ऑइल बदलताना मागच्या ब्रेकच्या त्या व्हॉल्व्हला हवा काढण्याचे निपल असेल, तर तिथलीही हवा काढून घ्यावी.