बारा माणसांची अजिंठा-वेरूळ सहल आखताना

प्रिय,

तुझ्या बारा गिऱ्हाइकांच्या सहलीचा आराखडा काल रात्री सावकाश वाचला. सगळ्यात आधी हे बघ: अजिंठा तू सोमवारी ठेवला आहेस. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. त्यामुळे शनिवार-रविवारला सोमवार जोडून सहल काढायची ही तुझी कल्पना इथे चालणार नाही. शिवाय तुझ्या यादीतले बहुतेक लोक निवृत्त आहेत. त्यांना रजेची चिंता नाही, मग सुट्टीच्या गर्दीत त्यांना कशाला ढकलायचं? बुधवार ते शनिवार कर. कागदावर पहिली ओळ बंद वारांची लिहायची, दुसरी सणावारांची. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला घृष्णेश्वरापाशी गाडी उभी करायला जागा मिळत नाही, आणि वेरूळची लेणी तिथून हाकेच्या अंतरावर.

आता तीन दिवसांतल्या अकरा ठिकाणांबद्दल. शनिवारी सकाळी बसमधून उतरल्यावर दौलताबाद, खुलताबाद, घृष्णेश्वर, वेरूळ, पाणचक्की आणि संध्याकाळी बीबी का मकबरा, हे वाचूनच माझे गुडघे दुखायला लागले. मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातीत ठिकाणांची संख्या मोठ्या अक्षरात छापतात म्हणून तुलाही तसं वाटलं असेल. पण लोक तुझ्याकडे येताहेत ते बारा जणांच्या सहलीसाठी, थोडे जास्त पैसे देऊन. त्यांना मिळायला हवा तो निवांतपणा. आत्ताच सांगते, खुलताबाद, पाणचक्की, पैठण आणि हिमरू कापडाची दुकानं काढून टाक. ती ठिकाणं वाईट म्हणून नव्हे. खुलताबादला औरंगजेब आणि मलिक अंबर दोघांच्या कबरी एकाच गावात आहेत, इतिहासाची आवड असलेल्यांना तो एक स्वतंत्र दिवस पुरतो. तो दिवस पुढच्या कुठल्या तरी सहलीसाठी ठेव.

मार्गही बदल. तू रात्रीच्या बसने दादरहून थेट छत्रपती संभाजीनगर, तिथून अजिंठा आणि परत असं आखलं आहेस. शहरातून अजिंठा साधारण १०० किलोमीटर, म्हणजे एकाच दिवसात २०० किलोमीटर बसमध्ये आणि मध्ये लेण्यांच्या पायऱ्या. त्यापेक्षा जळगावकडून शिर. मुंबई-जळगाव मार्गावर गाड्या भरपूर आहेत. दिवसाची गाडी घे, रात्रीची अजिबात नको, कारण त्यातल्या बऱ्याचशा पहाटे तीनच्या सुमाराला जळगावला सोडतात आणि तेव्हा बारा माणसांना कुठे बसवणार? संध्याकाळी जळगावला उतरायचं, तिथून अजिंठा ६० किलोमीटर, रात्रीचा मुक्काम पायथ्याला फर्दापूरला. सकाळी शहरातून येणाऱ्या बसगाड्या अजून सिल्लोडच्या अलीकडे असतील तेव्हा तुझी माणसं चहा पिऊन तयार असतील. लेणी नऊला उघडतात.

परतीचा प्रवास संभाजीनगरहून. म्हणजे एकच रस्ता दोनदा करायचा नाही. टेम्पो ट्रॅव्हलर मात्र संभाजीनगरची ठरव, जळगावची नको. ती एकदा रिकामी जळगावला येईल, तेवढे किलोमीटर तुला भरावे लागतील, पण पुढचे तीन दिवस ती तिच्या घरच्या रस्त्यावर असेल. ड्रायव्हरला फर्दापुरात खोली आणि जेवण द्यायचं, ते कॉस्टिंगमध्ये आत्ताच धर. गाडीतच झोपलेल्या माणसाच्या हाती सकाळी बारा जीव द्यायचे नाहीत.

तिकिटांचं एक. आता रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे नावं आणि अर्धे पैसे त्याआधी तुझ्या हातात हवेत. एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात, म्हणजे दोन तिकिटं. आणि स्वतःच्या वैयक्तिक आयडीवरून गिऱ्हाइकांची तिकिटं काढून त्यावर पैसे घ्यायचे नाहीत, तो गुन्हा आहे. अधिकृत एजंटकडून काढ, नाहीतर ज्याचं त्याला काढू दे आणि तुझी सहल जळगाव स्टेशनपासून सुरू कर. नवीन माणसाला हा दुसरा मार्ग जास्त सोयीचा, पैशांचा हिशेबही सुटसुटीत राहतो.

आता अजिंठा. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तू त्याच्यापुढे फक्त "३ तास" लिहिलं आहेस.

खाजगी गाडी लेण्यांच्या फाट्यावरच्या टी-जंक्शनपर्यंतच जाते, पुढचे चारेक किलोमीटर एसटीच्या बसने. त्यात रांग, तिकीट, परत तिकीट, मग पायऱ्यांचा चढ. पहिल्या लेण्याच्या दारात पोचेपर्यंत पाऊण तास गेलेला असतो आणि निम्म्या लोकांना दम लागलेला असतो. त्यामुळे वर पोचल्यावर दहा मिनिटं काही बोलायचं नाही, काही दाखवायचं नाही. वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालासारखी पसरलेली लेणी समोर दिसतात, ती बघत बसू दे. स्वच्छतागृहं खालीच, हे खाली असतानाच सांगायचं. ज्यांना चढवणार नाही त्यांच्यासाठी डोली मिळते, पण भाव आधी ठरवायचा आणि तो तूच ठरवायचा. चारचौघांत एखाद्या काकूंना "तुम्हाला डोली हवी का" असं विचारू नकोस. नाव नोंदवताना फोनवर विचार, त्या मोकळेपणाने सांगतील.

एकूण लेणी ३०. तू आठच दाखव: १, २, ९, १०, १६, १७, १९ आणि २६. यात सगळं येतं. ९ आणि १० ही सातवाहनांच्या काळातली, इसवीसनापूर्वीची चैत्यगृहं, म्हणजे स्तूप असलेली प्रार्थनागृहं. बाकीची पाचव्या शतकातली, वाकाटक हरिषेणाच्या राजवटीतली. सोळावं तर त्याच्या मंत्र्याने, वराहदेवाने, कोरवून घेतलं, तसा लेख भिंतीवर आहे. २६ मधलं महापरिनिर्वाण शेवटी ठेव. तोवर पाय थकलेले असतात आणि पहुडलेल्या बुद्धासमोर माणसं आपोआप शांत होतात.

पहिल्या लेण्याची मात्र वेगळी तयारी कर. बाहेरच्या उन्हातून आत गेलं की पहिली दोन-तीन मिनिटं काहीही दिसत नाही, आणि नेमक्या त्याच मिनिटांत गाईड बोलायला लागतो. लोक अंधाराकडे बघत मान डोलावतात. गाईडला आधीच सांगून ठेव की आत गेल्यावर आधी सगळ्यांना थांबू दे, डोळे सरावू दे. मग मागच्या भिंतीकडे, गाभाऱ्याच्या डावीकडे पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र हळूहळू वर येतं. आधी मुकुट दिसतो, मग खाली झुकलेली नजर, मग हातातलं कमळ. हे बघायला मिळालेला माणसांचा गट मी ओळखते, बाहेर आल्यावर ते चपला घालायला वेळ लावतात. फ्लॅश चालत नाही हे दारात सांग, आत ओरडून नको.

जॉन स्मिथची गोष्ट, १८१९ सालची, वाघाच्या शिकारीवर आलेल्या इंग्रज अधिकाऱ्याला लेणी दिसली ती, बसमध्ये सांग. चित्रकार रॉबर्ट गिल आणि त्याची प्रेयसी पारो यांचीही बसमध्येच. गिलने वर्षानुवर्षं इथे बसून चित्रांच्या नकला केल्या आणि त्यातल्या बऱ्याचशा लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ च्या आगीत जळाल्या, हे ऐकून लोक हळहळतात. पारोची कबर अजिंठा गावात आहे. संभाजीनगरकडे जाताना ते गाव लागतंच, गोष्टीसाठी योग्य जागा ती. लेण्यांत उभं राहून प्रेमकथा ऐकली की समोरच्या भिंतीवरच्या जातककथा कोणी बघत नाही.

गाईड स्थानिक आणि परवानाधारक घे. तू कितीही वाचलं असलंस तरी. तुझं काम माणसं मोजणं, पाणी, औषधं, वेळ. दोन्ही कामं एकाच माणसाने केली की कोणीतरी लेण्यात मागे राहतं. उजेड डावीकडून टाकून बुद्धाचा चेहरा कसा बदलतो ते दाखवायची हौस बहुतेक गाईडना असते. मला स्वतःला ते जरा जत्रेतलं वाटतं, पण लोकांना आवडतं, तेवढं चालवून घे.

दुपारी जेवण, तासभर आडवं होणं, मग संभाजीनगर. त्या संध्याकाळी काहीही ठेवू नकोस. कोणाला नान-कलिया खायचा असेल तर जुन्या शहरात पाठव, तुझ्या समूहात शाकाहारी किती हे बघून.

वेरूळचा क्रम तू उलटा लावलायस. कैलास सकाळी पहिल्यांदा बघायचा आणि नंतर बाकीची, असं सगळेच करतात. लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. सकाळी कैलासाचं अंगण सावलीत असतं आणि दुपारनंतर तिथे ऊन येतं. शिवाय एवढा अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणलेला बघितल्यावर दुसरं काहीही फिकं वाटतं. म्हणून दुपारी दोनला जैन लेण्यांपासून सुरुवात कर, ३२ वं, इंद्रसभा. तिकडे चालत नेऊ नकोस, गाडीने ने. मग दहावं, विश्वकर्मा, आणि बारावं तीन मजली. चारच्या सुमाराला कैलासात शिरायचं आणि बंद होईपर्यंत बाहेर यायचं नाही. ३४ पैकी चारच लेणी दाखवलीत म्हणून कोणी तक्रार केली तर माझं नाव सांग.

त्याच दिवशी सकाळी दौलताबाद ठेवायचं असेल तर चांद मिनार, महाकोटाचे दरवाजे आणि खंदकापर्यंतच. अंधारी, म्हणजे किल्ल्यातला काळोखा भुयारी मार्ग, आणि वरची बारादरी यांत सातशेहून जास्त पायऱ्या आहेत. ज्यांना चढायचंच आहे अशा दोन-तीन जणांसाठी "वर जाणारे साडेदहापर्यंत खाली" असा पर्याय कार्यक्रमातच छापून टाक. ऐनवेळी तिथे उभं राहून मतदान घेऊ नकोस.

शनिवारी सकाळी मकबरा, आणि ज्यांना हवं त्यांना विद्यापीठामागची औरंगाबाद लेणी. मग दुपारची तपोवन किंवा रात्रीची देवगिरी. वंदे भारत सकाळीच निघते, ती धरलीस तर शनिवार वाया जाईल. तपोवनमध्ये ज्येष्ठांना उजेडात बसून जाता येतं, पण घरी पोचेपर्यंत रात्र होते, डोंबिवलीच्या मंडळींना पुढची लोकल बघावी लागेल. त्यांनाच विचार.

दर ठरवताना बारा माणसं धरून भागाकार करू नकोस, आठ धर. कोणाचा तरी नातू आजारी पडतो, कोणाचं तरी ऑपरेशन निघतं. एकट्या येणाऱ्या बायका तुझ्याकडे बऱ्याच असतील, त्यांचा वेगळ्या खोलीचा दर पहिल्याच कागदावर स्वच्छ लिही, नंतर सांगितला की फसवल्यासारखं वाटतं. रद्द केल्यास किती परत मिळणार तेही.

आणि नावनोंदणी सुरू करण्याआधी एकदा स्वतः जाऊन ये, याच वारांना, याच वेळांना. सोबत तुझ्या आईला ने. घड्याळ तिच्या चालीवर लाव, तुझ्या नको. कुठे ती पायरीवर टेकते, कुठे पाणी मागते, ते लिहून घे आणि त्या जागा कार्यक्रमात घाल.

फर्दापूरच्या रात्रीच्या जेवणाचं तू काहीच लिहिलेलं नाहीस. तिथे उशिरा पोचलात तर फारसं काही मिळत नाही. हिवाळ्यात जाणार असाल तर जळगावातच भरीत-पुरी किंवा शेवभाजी उरकून निघा, पण त्यासाठी गाडी सातच्या आत जळगावला यायला हवी. कुठली गाडी बसते ते बघून नवा आराखडा या आठवड्यात पाठव.

तुझी,
ताई