वाचकांचे प्रश्न : रोलरवरची सायकल आणि हाताची पकड

घरात रोलरवर सायकल चालवण्याविषयी या वेळी बरीच पत्रे आली आहेत. एकमेकांशी मिळतेजुळते प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत. ज्यांनी रोलर पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगतो. एका चौकटीत तीन लोळे बसवलेले असतात, दोन मागच्या चाकाखाली आणि एक पुढच्या चाकाखाली. मागच्या दोनपैकी एक लोळा पट्ट्याने पुढच्या लोळ्याला जोडलेला असतो, त्यामुळे पायडल मारल्यावर दोन्ही चाके फिरतात. सायकल कशालाही आवळलेली नसते आणि तोल स्वाराने स्वतःच राखायचा असतो.

प्रश्न : गेली दहा वर्षे मी रस्त्यावर नियमित सायकल चालवतो. महिन्यापूर्वी रोलर घेतले, पण भिंतीवरचा हात सोडला की दहा सेकंदही टिकत नाही. पुढचे चाक लगेच कडेला सरकते. सुटून समोरच्या भिंतीवर आदळेन अशी भीतीही वाटते. माझ्या तोलातच काही दोष आहे का? रोलर विकून मागचे चाक आवळून धरणारा ट्रेनर घ्यावा का?

उत्तर : तुमच्या तोलात दोष नाही, आणि रोलर विकण्याची घाई कृपया करू नका. दहा वर्षे रस्त्यावर चालवलेला माणूस रोलरवर दहा सेकंद टिकत नाही, हा जवळजवळ सगळ्यांचाच अनुभव आहे. सायकल एका बाजूला झुकली की आपण नकळत हँडल त्याच बाजूला किंचित वळवतो, त्यामुळे चाके पुन्हा शरीराच्या खाली येतात आणि सायकल सावरते. रस्त्यावर हे सावरताना चाक वीतभर इकडेतिकडे गेले तरी कळत नाही, कारण तिथे जागा मुबलक असते. रोलरवर मात्र लोळ्याची रुंदी हातभरही नसते, त्यामुळे रस्त्यावर खपून गेलेली प्रत्येक वीत इथे उघडी पडते.

भिंतीवर आदळण्याची भीती पूर्णपणे काढून टाका. रस्त्यावर तुमचे सगळे वजन वेगात असते, रोलरवर फक्त चाके फिरत असतात. धावा (चाकांच्या रिम) आणि टायर मिळून वजन दोन-अडीच किलो, आणि तुम्ही सायकलसह ऐंशी किलोच्या आसपास. चाक लोळ्यावरून उतरून जमिनीला टेकले की त्या दोन-अडीच किलोंच्या गतीने ऐंशी किलो फारसे हलत नाहीत. पाय थांबवलेत की सायकल जवळपास तिथेच उभी राहते. खरा धोका आहे तो आडवे पडण्याचा, आणि त्यासाठी दाराची चौकट हा सर्वांत चांगला सोबती आहे.

रोलर दारात असे ठेवा की सायकलवर बसल्यावर हँडल बरोबर चौकटीच्या मधोमध येईल आणि दोन्ही कोपर बाहेर काढले की चौकटीला टेकतील. रोलरवर चढवल्यावर सायकल नेहमीपेक्षा चार-पाच इंच उंच होते आणि पाय जमिनीला पुरत नाही, म्हणून शेजारी एक भक्कम, न सरकणारे स्टूल ठेवा. क्लीटचे, म्हणजे पायडलमध्ये अडकणारे बूट पहिले काही दिवस बाजूला ठेवा आणि साधे बूट, साधी पायडले वापरा.

आता वेगाचे पाहू. घाबरलेला माणूस हळू चालवतो, आणि रोलरवर नेमके तेच अंगाशी येते. वेग कमी असेल तर तेवढेच सावरण्यासाठी हँडल जास्त वळवावे लागते आणि चाक नागमोडी जाऊ लागते, वेग वाढला की हँडलची नुसती सूचना पुरते. पुढचे 50 दात्यांचे आणि मागचे 19 दात्यांचे चक्र लावून मिनिटाला 85 फेरे मारलेत, तर चाकाचा वेग ताशी 28 किलोमीटरच्या आसपास येतो. सुरुवातीला तेवढा पुरेसा आहे. एक हात चौकटीवर ठेवून आधी या वेगाला या, पाय एका लयीत येऊ द्या आणि मगच हात सोडा. तोही एकदम सोडू नका. आधी तळहात उचला, बोटांची टोके तेवढी चौकटीला टेकलेली राहू द्या, मग एकेक बोट काढा.

नजर हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. मी शिकत असताना पहिला आठवडा पुढच्या चाकाकडेच पाहत होतो, आणि दर वेळी डावीकडेच उतरत होतो. एका जाणत्या सायकलस्वाराने शेजारी उभे राहून फक्त एवढेच सांगितले की समोरच्या भिंतीवर चिकटपट्टीचा एक तुकडा लावा आणि त्यावरून डोळे हलवू नका. त्या संध्याकाळी मी चार मिनिटे टिकलो. खाली पाहिले की मान वाकते, खांदे आखडतात आणि चाक सरकलेले दिसल्यावर आपण हँडल ओढतो. ते ओढणे उशिरा होते आणि जास्तही होते. तीन-चार मीटरवर नजर असली की शरीर आपले आपण सावरते.

हाताची पकड तपासण्याची एक सोपी खूण आहे. हँडलवर हात ठेवून बोटे पियानोच्या पट्ट्यांवर हलवावीत तशी हलवून पाहा. ती हलत नसतील तर तुम्ही हँडल आवळून धरले आहे. ताठ हातांमधून खांद्याचा प्रत्येक हेलकावा थेट पुढच्या चाकापर्यंत पोहोचतो, म्हणून कोपर थोडे वाकवा आणि श्वास मोकळा सोडा. पहिले दोन आठवडे दररोज दहा-पंधरा मिनिटे पुरेत. थकलेल्या अंगाने जास्त वेळ रेटू नका, कारण थकवा आला की सर्वांत आधी पकड घट्ट होते.

प्रश्न : भावाचे जुने रोलर वापरायला घेतले आहेत. माझी सायकल त्यांच्यावर सारखी पुढे सरकल्यासारखी वाटते आणि एका ठरावीक लयीत उडते. टायर बदलू का?

उत्तर : टायरचा विचार नंतर करा. भावाची सायकल आणि तुमची सायकल यांच्या दोन चाकांमधले अंतर बहुधा वेगळे असेल, आणि पुढचा लोळा अजून भावाच्या सायकलीच्या मापावर लावलेला असेल. चौकटीच्या पुढच्या भागात तो लोळा मागेपुढे करण्यासाठी भोके असतात. सायकल रोलरवर उभी करा, कोणाला तरी ती धरायला सांगा आणि बाजूने पाहा. पुढच्या लोळ्याचा आस पुढच्या चाकाच्या आसाच्या किंचित पुढे, बोट-दीड बोट पुढे असावा. चाकाचा आस लोळ्याच्या पुढे गेला असेल, तर सायकल लोळ्यावरून पुढे उतरू पाहते. तुम्हाला जाणवणारे सरकणे तेच असावे. लोळा हलवल्यावर पट्ट्याचा ताण पुन्हा पाहा. ढिला पट्टा घसरतो आणि पुढच्या चाकाचा वेग मध्येच पडतो, फार ताणलेला पट्टा बेअरिंगवर बोजा टाकतो.

लयीत उडण्याचे कारण चाकात शोधा. सायकल उलटी करून चाक फिरवा आणि ब्रेकच्या पॅडजवळ किंवा फ्रेमला टेकवलेल्या पेन्सिलीच्या टोकाजवळ धाव वरखाली होते का ते पाहा. रस्त्यावरच्या खडबडीत जे जाणवत नाही, ते गुळगुळीत लोळ्यावर प्रत्येक फेऱ्याला ठोका देते. दुकानात नेऊन चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्या. टायर रिमवर सगळीकडे सारखा बसला आहे का, हेही तिथेच पाहून घ्या. चाक सरळ असूनही सायकल उडत असेल, तर दोष पायांत आहे. जास्त फेरे मारताना पाय खाली पोहोचल्यावरही दाबत राहिला, की ढुंगण सीटवरून उचलले जाते. फेरे कमी करा, उडणे थांबेल तो आकडा लक्षात ठेवा आणि तिथून दर आठवड्याला थोडे थोडे वर जा.

लोळे आणि टायर दोन्ही ओल्या फडक्याने पुसत चला. रस्त्यावरून आलेल्या टायरला चिकटलेली बारीक खडी लोळ्यावर ओरखडे काढते. काही दिवसांनी लोळ्याच्या मधोमध काळ्या भुकटीचा पट्टा दिसू लागेल. ती टायरच्या रबराची झीज आहे, घाबरू नका. उलट तो पट्टा किती रुंद आहे हे पाहण्यासारखे आहे, कारण तुमचे चाक किती सरळ जाते हे तोच दाखवतो. माझा पट्टा पहिल्या महिन्यात तळहाताएवढा रुंद होता, वर्षभराने तो दोन बोटांवर आला.

प्रश्न : रोलरवर मी ताशी 36 किलोमीटर सहज गाठतो, पण सपाट रस्त्यावर 28 च्या पुढे जाताना दम लागतो. रोलरचा व्यायाम खोटा आहे का? चढावर चांगली कामगिरी करण्यासाठी त्याचा काही उपयोग होईल का?

उत्तर : व्यायाम खरा आहे, फक्त त्या दोन आकड्यांची तुलना करता येत नाही. सपाट रस्त्यावर वेगात जाणाऱ्या स्वाराची बहुतेक शक्ती हवा कापण्यात खर्च होते, आणि हवेसाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी 30 वरून 36 वर जायचे, म्हणजे वेग सव्वापटीहूनही कमी वाढवायचा, तर हवेसाठी लागणारी शक्ती सुमारे 1.7 पट होते. साध्या रोलरवर समोरून वारा नसतो. तिथे विरोध होतो तो टायर लोळ्यावर दबण्याचा आणि बेअरिंगचा, आणि त्यासाठी लागणारी शक्ती वेगाबरोबर साधारण सरळ प्रमाणात वाढते. म्हणून रोलरवर वेग पाहूच नका, मिनिटाचे फेरे, नाडी आणि तुमच्या सायकलवर पॉवर मीटर (पायडलवर दिलेली शक्ती मोजणारे उपकरण) असेल तर वॅट पाहा.

विरोध वाढवायचा असेल, तर टायरमधली हवा थोडी कमी केली तरी फरक जाणवतो, कारण मऊ टायर जास्त दबतो. पण उत्पादकाने टायरवर छापलेल्या किमान आकड्याच्या खाली जाऊ नका. लोळा जितका बारीक तितका टायर त्यावर जास्त दबतो, त्यामुळे बारीक लोळ्यांचे रोलर जड चालतात. काही रोलरना चुंबकाने विरोध वाढवण्याची सोयही असते.

चढासाठी लागणारी जड गिअरची ताकद साध्या रोलरवर फारशी मिळत नाही, हे मी स्पष्टच सांगतो. जीव खाऊन मारायचे स्प्रिंटही तिथे करू नयेत, कारण त्या वेळी शरीर हेलकावते आणि जागा नसते. त्या कामासाठी मागचे चाक आवळणारा ट्रेनर किंवा खरा चढ हवा. रोलर शिकवतो ते गोल, सलग पायडल मारणे, जास्त फेऱ्यांवरही स्थिर बसणे आणि सरळ रेषेत चालवणे. ट्रॅकवरचे स्पर्धक शर्यतीच्या आधी रोलरवर अंग गरम करताना दिसतात, त्याचे कारण हेच. तुमच्यासाठी चाळीस मिनिटांचे एक सत्र सुचवतो. पहिली पंधरा मिनिटे आरामात, त्यानंतर एक मिनिट 105 ते 110 फेरे आणि दोन मिनिटे 85 फेरे असे सहा वेळा, आणि शेवटची सात मिनिटे अगदी हलके. आठवड्यातून दोनदा हे केलेत, तर उरलेले दिवस चढासाठी मोकळे राहतात.

प्रश्न : घरात अर्ध्या तासात मी घामाने निथळते आणि त्याच लयीत चालवत असूनही नाडी वाढतच जाते. बाहेर दोन-दोन तास असे होत नाही. काळजीचे कारण आहे का?

उत्तर : यामागे बहुतेक वेळा खोलीतली साचलेली हवा असते. आपले स्नायू खाल्लेल्या अन्नाच्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भाग पायडलपर्यंत पोहोचवतात आणि बाकीची उष्णता होते. पायडलवर 150 वॅट देणारी व्यक्ती साधारण 450 ते 600 वॅट उष्णता अंगातून बाहेर टाकत असते. ही उष्णता मुख्यतः घाम वाळल्याने जाते, आणि एक लिटर घाम वाळताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता सोबत नेतो. पण त्यासाठी घाम वाळायला हवा, आणि जमिनीवर टपकलेला घाम अंग थंड करत नाही. रस्त्यावर ताशी 25-30 किलोमीटरचा वारा आपोआप मिळतो, बंद खोलीत तुमच्याभोवतीची हवा दमट होऊन तिथेच थांबते. मग रक्त थंड होण्यासाठी त्वचेकडे वळते, घामामुळे शरीरातले पाणीही घटते आणि तेच काम करण्यासाठी हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात.

छताचा पंखा पुरत नाही. मोठा टेबल फॅन समोर, छातीच्या उंचीला, थोडा तिरका ठेवा आणि खिडकी उघडा. अंग गरम होण्याची वाट न पाहता पंखा पहिल्या मिनिटापासून चालू ठेवा. रोलरवर पाण्याच्या बाटलीसाठी एक हात सोडणे सुरुवातीला जमत नाही, म्हणून दर दहा मिनिटांनी थांबून पाणी प्या. त्या निमित्ताने सीटवरचा दाबही सुटतो. हँडलवर आणि फ्रेमच्या वरच्या नळीवर टॉवेल टाका, कारण घामातले मीठ स्क्रू आणि हँडलचे बेअरिंग गंजवते. एवढे करूनही नाडी तशीच चढत राहिली, चक्कर आली, छातीत दुखले किंवा ठोके चुकल्यासारखे वाटले, तर सायकल थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. त्यात दिरंगाई करू नका.

प्रश्न : कार्बनच्या फ्रेमला रोलरने इजा होते का? आणि जाड नक्षीचे माउंटन सायकलचे टायर चालतील का?

उत्तर : रोलर फ्रेमला कुठेही आवळत नाही, त्यामुळे कार्बनची सायकल त्यावर निर्धास्त चालवा. नक्षीचे टायर चालतात, पण आवाज फार होतो आणि सायकल थरथरते. गुळगुळीत टायर लावा, खालच्या मजल्यावरचे लोकही सुखी होतील.

प्रश्न : माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला ट्रॅक सायकलिंगची आवड लागली आहे आणि तिला घरी रोलर हवे आहेत. घरात तीन वर्षांचा धाकटा मुलगाही आहे. घ्यावेत का?

उत्तर : मुलीसाठी जरूर घ्या, या वयात ती मोठ्यांपेक्षा लवकर शिकेल. मधे उंचवटा नसून मधोमध खोलगट आणि कडांना चढते असलेले लोळे निवडा. चाक कडेला जाऊ लागले की असा लोळा त्याला मधे आणतो. लोळ्यांची रुंदीही पाहून घ्या. तिची सायकल लहान असेल, तर पुढचा लोळा तेवढा मागे येतो का हे दुकानातच सायकल चढवून तपासा. सुरुवातीला तिच्या शेजारी उभे राहा. तिला धरून ठेवू नका, कमरेमागे हात नुसता तयार असू द्या.

धाकट्याच्या बाबतीत मात्र कोणतीही सवलत नको. फिरता पट्टा लोळ्यावर जिथे चढतो तिथे लहान बोट सहज ओढले जाते, आणि सायकलवरच्या मुलीला खाली काय चालले आहे ते दिसत नाही. ती चालवत असताना खोलीचे दार आतून कडी लावून बंद असावे, सोबत एक मोठे माणूस असावे, आणि सायकल उतरवल्याबरोबर रोलर उचलून भिंतीला उभे न करता कपाटात किंवा कुलपाच्या खोलीत ठेवावेत. घरात अशी जागा नसेल, तर धाकटा मोठा होईपर्यंत तिला तिच्या प्रशिक्षकांच्या रोलरवरच सराव करू द्या.