शेल्व्हमधले बदल पायपायवर का हरवतात?

प्रश्न : आमचा प्रोग्रॅम पायथॉनच्या शेल्व्हमध्ये (डिक्शनरीसारखा वापरायचा, डिस्कवरचा साठा) ऑब्जेक्ट्स ठेवतो, राइटबॅक चालू करून. सीपायथॉनवर, म्हणजे पायथॉनच्या नेहमीच्या रनटाइमवर (कोड चालवणारा प्रोग्रॅम), सगळं सुरळीत होतं. वेगासाठी पायपाय या दुसऱ्या रनटाइमवर नेला, तर शेवटचे बदल कधी राहतात, कधी गायब होतात. शिवाय काही जुन्या पिकल फायली (ऑब्जेक्ट्स बाइट्सच्या रूपात साठवलेल्या) उघडताना ‘कान्ट गेट अ‍ॅट्रिब्यूट’ अशी एरर येते. पायपायमध्ये बग आहे का?

उत्तर : नाही. दोन्ही दोष तुमच्या कोडमध्ये आधीपासून होते. पहिला सीपायथॉनने झाकून ठेवला होता, दुसऱ्याचा रनटाइमशी संबंधच नाही.

राइटबॅक चालू असला की शेल्व्ह वाचलेलं प्रत्येक ऑब्जेक्ट कॅशमध्ये धरून ठेवतो आणि सिंक किंवा क्लोज केल्यावरच डिस्कवर लिहितो. सीपायथॉन प्रत्येक ऑब्जेक्टचे रेफरन्स, म्हणजे ते किती ठिकाणांहून धरलं आहे, हे मोजतो. फंक्शन संपून शेल्व्हचा शेवटचा रेफरन्स गेला की त्याच क्षणी डेल मेथड (ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणारी) चालते आणि तीच क्लोज करते. त्यामुळे क्लोज न लिहूनही तुमचं भागत होतं. पायपायमध्ये हे गार्बेज कलेक्टर (नको असलेली ऑब्जेक्ट्स अधूनमधून साफ करणारा भाग) फिरेल तेव्हा होतं, आणि त्याआधी प्रोग्रॅम संपला तर होईलच याचा भरवसा नाही. म्हणून शेल्व्ह नेहमी विथ ब्लॉकमध्येच उघडा, तो संपताना क्लोज आपोआप होतं (पायथॉन 3.4 पासून चालतं). मध्येमध्ये कलेक्टर हाताने चालवणं हा उपाय नव्हे.

खरं तर राइटबॅक बंदच करा. कुठलं ऑब्जेक्ट बदललं हे शेल्व्हला कळत नाही, त्यामुळे दर सिंकला तो अख्खी कॅश पुन्हा लिहितो. त्याऐवजी ऑब्जेक्ट बाहेर काढा, बदला, त्याच कीवर परत ठेवा. मात्र राइटबॅक बंद असताना शेल्व्हमधल्या यादीवर थेट अपेंड केलं, तर बदल तात्पुरत्या प्रतीत होतो आणि एररही न येता वाया जातो. हे कुठल्याही रनटाइमवर घडतं.

आता पिकल. फायलीत क्लासचा कोड नसतो, फक्त मॉड्यूलचं आणि क्लासचं नाव असतं. क्लास थेट चालवलेल्या स्क्रिप्टमध्येच असेल तर मॉड्यूल म्हणून ‘मेन’ नोंदलं जातं आणि दुसऱ्या स्क्रिप्टच्या मेनमध्ये तो क्लास सापडत नाही. क्लास स्वतंत्र मॉड्यूलमध्ये हलवा. मग एका छोट्या स्क्रिप्टमध्ये तो त्याच नावाने इंपोर्ट करून जुनी फाइल लोड करा आणि नव्या फायलीत डंप करा, नव्या मॉड्यूलचं नाव नोंदलं जाईल. लोड होताना क्लासची इनिट मेथड (नवं ऑब्जेक्ट बनताना चालणारी) चालत नाही हेही ध्यानात ठेवा. नंतर वाढवलेला अ‍ॅट्रिब्यूट जुन्या ऑब्जेक्टमध्ये नसेल, त्याची डिफॉल्ट किंमत क्लासच्या पातळीवर द्या.

प्रश्न : दोन्ही रनटाइमना एकच फाइल वापरता येईल का?

उत्तर : पिकलची येईल, फक्त प्रोटोकॉल (पिकलच्या फॉरमॅटची आवृत्ती) स्वतः ठरवा. प्रोटोकॉल 4 हा पायथॉन 3.4 पासून सगळ्यांना वाचता येतो. 5 हा 3.8 पासून आहे आणि 3.14 मध्ये डिफॉल्ट झाला, त्यामुळे 3.7 त्याला ‘अनसपोर्टेड’ म्हणून नाकारतो.

शेल्व्हचं तसं नाही. त्याच्या खाली कुठलं डीबीएम (की आणि किंमत साठवणारा साधा डेटाबेस) आहे यावर सगळं अवलंबून असतं. सीपायथॉनने जीडीबीएम या प्रकारावर फाइल बनवली आणि दुसऱ्या रनटाइममध्ये ते मॉड्यूल नसेल, तर ती उघडतच नाही. 3.13 पासून नवी फाइल शक्यतो एसक्यूलाइटवर बनते, म्हणजे आवृत्ती बदलली तरी फरक पडतो. डीबीएमचं विचडीबी फंक्शन प्रकार सांगतं. फाइल कॉपी करू नका. जुन्या रनटाइमवर सगळ्या नोंदी एका डिक्शनरीत घेऊन पिकल करा, नव्यावर त्या नव्या शेल्व्हमध्ये भरा. आणि एक प्रोसेस लिहीत असताना दुसरीने तोच शेल्व्ह उघडू नये, त्यात लॉकिंगची सोय नाही.