एकाच गडाच्या चार फेऱ्या

प्रिय पोरा,

तुझी नव्या वर्षाची यादी वाचली. बारा महिन्यांत चोवीस किल्ले! तुझा हुरूप बघून बरं वाटलं, पण यादीने मन थोडं खट्टू झालं. महिन्याला दोन म्हणजे शनिवारी रात्री गाडी, रविवारी चढाई, फोटो, धावतपळत उतरणं आणि सोमवारी कामावर. डिसेंबरात चोवीस नावं जमतील, पण एकही वाट ओळखीची झालेली नसेल.

माझं ऐकशील तर एकच गड निवड आणि वर्षभर वेगवेगळ्या वाटांनी त्यालाच भेट. मी हरिश्चंद्रगड सांगेन.

जानेवारीत पायथ्याच्या पाचनई गावातून जा. वाट सोपी आहे, कड्याच्या पोटातून जाते, अडीच-तीन तासांत मंदिर येतं. केदारेश्वराच्या गुहेत चारपैकी एकच खांब उरलाय आणि पिंडीभोवती कमरेइतकं गार पाणी आहे. तिथे घाई करू नकोस. 31 डिसेंबरच्या रात्री मात्र जाऊच नकोस, गडाच्या पश्चिमेच्या उंच कोकणकड्यावर तेव्हा जत्रा असते. परतताना पाचनईत कुणाच्या तरी ओसरीवर भाकरी खा, योग्य पैसे दे आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचार, गुरं कुठून चारायला नेता? डोंगराची खरी माहिती त्या उत्तरात असते.

फेब्रुवारीत खिरेश्वरहून टोलार खिंडीने चढ. खिंडीतलं व्याघ्रशिल्प बघ. त्यापुढचा कातळटप्पा चढून गेलं की मंदिरापर्यंत टेकाडामागून टेकाडं आणि झाडी. इथेच मी तुझ्या वयाचा असताना चुकलो होतो. मळलेली वाट समजून आम्ही तिघे एका ढोरवाटेला लागलो. ती कारवीच्या झुडपांत जाऊन विरली, तरी ‘पुढे मिळेल’ म्हणत तासभर रेटत राहिलो. अंधार पडला, तिघांत मिळून अर्धी बाटली पाणी होतं. ती रात्र कारवीतच कुडकुडत काढली. तेव्हापासूनचा माझा नियम तूही पाळ. शंका आली की पुढे शोधायचं नाही, खात्रीची शेवटची खूण जिथे दिसली होती तिथे मागे यायचं. जानेवारीत सव्वासहाच्या आसपास सूर्य मावळतो, म्हणून दुपारी दोनला जिथे असशील तिथून परत फीर, माथा दिसत असला तरी.

मार्च-एप्रिलमध्ये डोंगर तापतात, टाकी आटतात. तेव्हा विश्रांती घे. पाऊस ओसरताना, सप्टेंबरात, कोकणकड्यावर मुक्काम कर. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य पाठीशी आणि खाली धुकं असेल तर त्या धुक्यावर तुझी सावली पडते आणि तिच्याभोवती इंद्रधनुष्याचं पूर्ण वर्तुळ उमटतं. यालाच इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने इथेच ते पाहून नोंदवलं होतं. मला बऱ्याच फेऱ्यांनंतर एकदा दिसलं, तेही मिनिटभर. तुला कदाचित दिसणार नाही, पण कड्यावरून खालचं कोकण हळूहळू उघडताना तरी नक्की बघशील.

नळीची वाट शेवटी. कोकणातून थेट वर येणारी, घसाऱ्याची, कातळटप्प्यांची. अनुभवी माणसं, दोर आणि हेल्मेट यांच्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नकोस. व्हिडिओ बघून तर मुळीच नाही. पहिल्या तीन फेऱ्यांत पाय आणि नजर तयार झाली नाही असं वाटलं, तर ती पुढच्या वर्षावर टाक. मला ते जास्त आवडेल.

दर फेरीनंतर वहीत चार ओळी लिही. पाणी कुठे होतं, वाट कुठे फुटली, कुणी जेवू घातलं.

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी मी पाचनईला निघतोय. तीन लिटर पाणी, डोक्याची बॅटरी आणि जादा सेल घे, आणि कुठे चाललोय ते घरी सांगून ये. पहाटे चारला माझ्या दारात ये, चहा तयार ठेवतो.

तुझा,
काका