आर्क्टिकमधल्या 'हिमाद्री' केंद्रावर दिवस कसा जातो? तिथे हवेत नेमकं काय मोजतात?

मी मार्च-एप्रिलमध्ये महिनाभर होतो, तेवढ्यावरूनच सांगतो.

आधी एक गैरसमज. 'हिमाद्री' म्हणजे बर्फाच्या वाळवंटात एकटाच उभा तंबू नव्हे. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, जवळजवळ ७९ अंश उत्तरेला, न्यू-ऑलेसुंड नावाचं चिमुकलं गाव आहे. पूर्वी इथे कोळशाची खाण होती. १९६२च्या दुर्घटनेत २१ कामगार गेले आणि पुढच्या वर्षी ती बंद झाली. आता तिथे अनेक देशांचे संशोधक राहतात. त्यातलं एक घर २००८पासून आपलं, भारताचं: तेच 'हिमाद्री'. कारभार गोव्याहून, वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून चालतो.

जेवण सगळ्या गावाचं एकाच मेसमध्ये. रात्रीचं जेवण संध्याकाळी पाचच्या सुमारास! मी मेतकुटाची पुडी नेली होती, ती दुसऱ्या आठवड्यातच संपली. बूट दाराशीच काढायचे, ही कोळशाच्या काळापासूनची रीत. आपल्याला ती शिकवावी लागत नाही. दारांना मात्र कुलूप लावत नाहीत, कारण अस्वल दिसलं तर जवळच्या घरात घुसता आलं पाहिजे. गावाची हद्द ओलांडायची तर रायफल हवी. आणि वायफाय, ब्लूटूथ बंद! तिथली रेडिओ दुर्बीण अतिदूरच्या क्वेसारांचे, म्हणजे फार तेजस्वी दीर्घिकाकेंद्रांचे, क्षीण संकेत ऐकते, त्यात आपली कुजबुज नको. फोन फ्लाइट मोडवर, इंटरनेट केबलने. पहिले दोन दिवस हात शिवशिवतात.

माझं काम काजळी मोजण्याचं. ग्रूवेबाडेट, म्हणजे खाणकामगारांच्या जुन्या न्हाणीघरात आता प्रयोगशाळा आहे. तिथलं एथॅलोमीटर हवा ओढून फिल्टरच्या पट्टीतून गाळतं आणि पट्टीवरचा ठिपका किती काळवंडला ते प्रकाश टाकून पाहतं. पुण्यात घनमीटरमागे हजारो नॅनोग्रॅम सहज भरतात, तिथे शंभराच्या आतच. तरीही वसंतातच तिथली हवा वर्षातली सर्वांत मळकी असते: हिवाळाभर युरोप-रशियाकडचा धूर उत्तरेला सरकतो आणि धुऊन काढायला पाऊस नसतो. ही काजळी बर्फावर बसली की बर्फ ऊन जास्त शोषतो, लवकर वितळतो. म्हणून एवढा खटाटोप.

पण खरं सांगू, यंत्र आपोआप चालतं. माणसाचं काम राखणीचं. एका सकाळी आलेख एकदम वर उसळला आणि मी हरखलो. वाटलं, सैबेरियाचा धूर पकडला! वाऱ्याची दिशा पाहिली, बाहेर डोकावलो. वारा येत होता त्या बाजूला कुणीतरी स्नो-स्कूटर चालू ठेवून गप्पा मारत उभं होतं. त्या अर्ध्या तासाचे आकडे बाद केले आणि नोंदवहीत कारण लिहिलं: स्कूटर.