कॉलनीच्या रस्त्यावर आपणच गतिरोधक घालावा का?

प्रश्न : मुख्य रस्त्यावरची कोंडी चुकवायला गाड्या आमच्या कॉलनीतून सुसाट जातात. मुलं, म्हातारी माणसं जीव मुठीत धरून चालतात. शेजारच्या गल्लीतला सोळा वर्षांचा मुलगा तर वडिलांची मोटारसायकल रोज पळवतो. तोंडी तक्रारींना महापालिका दाद देत नाही. वर्गणी काढून रविवारी रात्री सिमेंटचा गतिरोधक घालायचं ठरलंय. कायद्यात बसेल का?

उत्तर : नाही. हा बेत कृपा करून थांबवा.

सार्वजनिक रस्त्यावर धोका किंवा अडथळा निर्माण केला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 खाली 5,000 रुपयांपर्यंत दंड आहे. मला त्या दंडाची एवढी काळजी नाही. घाईत घातलेला गतिरोधक अरुंद आणि उभट होतो, त्यावर पांढरे पट्टे नसतात, अलीकडे फलक नसतो. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकातला नेहमीचा गोलसर गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो, तेव्हा कुठे ताशी 25 किलोमीटरने जाणारी गाडी सुखरूप पार होते. तुमच्या उंचवट्यावर अंधारात एखादा स्कूटरवाला आपटून दगावला, तर त्याच संहितेच्या कलम 106 खाली (निष्काळजीपणामुळे मृत्यू) तुमच्यावरच गुन्हा दाखल होऊ शकतो. शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे, आणि वर्गणीच्या पावत्या तुमच्याच विरुद्ध पुरावा ठरतील.

रस्ता सोसायटीच्या खासगी हद्दीत असेल तर गोष्ट वेगळी. सर्वसाधारण सभेत ठराव करा आणि काम मानकाप्रमाणेच करून घ्या.

तोंडी तक्रारीची कुठेच नोंद राहत नाही, म्हणून आता लेखी अर्ज द्या : एक वॉर्ड ऑफिसला, एक वाहतूक पोलिसांना. मोटार वाहन कायद्याच्या कलम 115 आणि 116 चा उल्लेख करून वाहतुकीवर निर्बंध आणि वेगमर्यादेचे फलक मागा. मानकाप्रमाणे गतिरोधकही मागा. ‘फार त्रास होतो’ एवढ्याने काम होत नाही. तारीख, वेळ, गाडीचा नंबर आणि नेमकी जागा लिहा. गॅलरीतून व्हिडिओ घेतलात तर मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवा, काटछाट करू नका. आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. महिनाभर हालचाल नसेल तर ‘अर्जावर काय कारवाई झाली’ हे माहितीच्या अधिकारात विचारा. त्याला 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

आता तो मुलगा. त्याला अडवू नका, किल्ली काढून घेऊ नका, त्याचे व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. दोघा-तिघा वडीलधाऱ्यांनी त्याच्या वडिलांना भेटून मोटार वाहन कायद्याचं कलम 199अ समजावून सांगावं. अल्पवयीन मुलाने वाहतुकीचा गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. ‘मला न विचारता नेली’ असं वडील म्हणाले, तरी ते त्यांनाच सिद्ध करावं लागतं. बहुतेक बाप एवढं ऐकल्यावर किल्ली कुलपात ठेवतात. नाहीच ऐकलं, तर गाडीच्या नंबरासह लेखी तक्रार पोलीस ठाण्यात द्या.